आंब्याच्या पानावरचा अदृश्य जीव: सुरवंटाच्या छायाचित्रामागचा इतिहास

१/
हातखंब्याचा तिठा कोकणात ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना भेटतात. गाडी बदलण्यासाठी उतरलेला प्रवासी येथे ताटकळतो, चहा घेतो आणि पुढे जातो. भोवताली जांभ्याचे सडे आहेत, आंबा-काजूच्या बागा आहेत. त्या आंब्याच्या पानावर एक जीव राहतो. तो पानावर उघड्यावर बसलेला असतो, तरीही बागेत रोज वावरणाऱ्या माणसाच्या दृष्टीस तो क्वचितच पडतो. आजचा धागा त्या जिवाचा, आणि त्याला पाहायला शिकलेल्या माणसांचा आहे. 🧵

२/
हा जीव म्हणजे ‘कॉमन बॅरन’ या फुलपाखराचा सुरवंट. रंग आंब्याच्या पानासारखाच हिरवा. पाठीवरून एक फिकट पिवळसर रेघ सरळ गेलेली. दोन्ही बाजूंना पिसांसारखे फांद्या फुटलेले लांब काटे. तो पानाच्या मधल्या शिरेवर लांब पसरून बसतो, तेव्हा पाठीवरची रेघ त्या शिरेत मिसळून जाते आणि बाजूचे काटे पानावर चपटे टेकतात. अंगाची सावलीच पडत नाही. जवळून घेतलेले, म्हणजे मॅक्रो पद्धतीचे छायाचित्र मोठे करून पाहिले तरच लक्षात येते, की आपण इतका वेळ ज्याला पान समजत होतो त्यातले अर्धे पान नव्हतेच.

३/
आता इतिहासाचा प्रश्न. या सुरवंटातून निघणारे फुलपाखरू तपकिरी असते, झपाट्याने उडते आणि झाडाखाली पडलेल्या पिकल्या फळांवर उतरते. या दोघांच्या रूपात काडीचेही साम्य नाही. मग हा त्याचाच बालपणाचा देह, हे पहिल्यांदा कोणी आणि कसे ठरवले? प्रत्येक फुलपाखराच्या बाबतीत हा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. एका जातीचे उत्तर दुसरीला लागू पडत नाही. ही उत्तरे मिळवण्यात शतके गेली, आणि त्यातला एक महत्त्वाचा अध्याय आपल्या कोकणपट्टीत लिहिला गेला.

४/
सुरुवात युरोपात. सुरवंट मरतो आणि त्याच्या जागी दुसराच जीव जन्म घेतो, अशी समजूत तेथे दीर्घकाळ होती. १६६९ साली यान स्वामरडाम या डच अभ्यासकाचा कीटकांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. सुरवंटाची त्वचा अलगद सोलून आत फुलपाखराचे अवयव आधीच आकार घेत असतात, हे त्यांनी दाखवून दिले. सुरवंट, कोष आणि फुलपाखरू ही एकाच देहाची तीन रूपे आहेत, ही गोष्ट आज शाळेतले मूलही सांगते. पण ती सिद्ध करायला सूक्ष्मदर्शक आणि अत्यंत स्थिर हात लागले.

५/
दहाच वर्षांनी, १६७९ मध्ये, मारिया सिबिला मेरियन या जर्मन चित्रकर्तीचे सुरवंटांवरील पुस्तक निघाले. मेरियन तेराव्या वर्षापासून रेशीमकिडे पाळत होत्या. त्यांनी एक गोष्ट नवीन केली. सुरवंट, कोष, फुलपाखरू आणि सुरवंट ज्याची पाने खातो ती वनस्पती, हे सारे त्यांनी एकाच चित्रात आणले. १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्या धाकट्या मुलीसह दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेल्या आणि १७०५ साली तेथील कीटकांचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘कोणता सुरवंट कोणत्या पानावर’ हा प्रश्न त्यांनी चित्राच्या केंद्रस्थानी ठेवला. तो लक्षात ठेवा. पुढची सारी कथा त्याच प्रश्नाभोवती फिरते.

६/
पण पुढच्या दीडशे वर्षांत संग्राहकांची आवड दुसरीकडे वळली. फुलपाखरू टाचणीला टोचता येते, पंख पसरून पेटीत वाळवता येते, जहाजाने लंडनला धाडता येते. त्याचे रंग शतकभर टिकतात. सुरवंटाचे तसे नाही. मद्यार्कात बुडवला तर रंग उतरतो. त्या काळी सुरवंटाच्या आतला भाग काढून पोकळ त्वचेत गरम हवा फुंकून ती वाळवण्याची रीत होती. त्यातही हिरवा रंग सर्वांत आधी जाई. परिणामी संग्रहालयांच्या पेट्या प्रौढ फुलपाखरांनी भरल्या, आणि त्यांचे बालपण जवळपास कोरेच राहिले.

७/
मग छायाचित्रण आले. १८३९ साली त्याची घोषणा झाली, आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट यांनी सौर सूक्ष्मदर्शकातून कीटकांच्या पंखांच्या प्रतिमा कागदावर उतरवल्या. म्हणजे छायाचित्रणाच्या जन्मापासून कीटक त्याच्यासमोर होता. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजीही होते. नारायण दाजी हे या शहरातील पहिल्या काही भारतीय छायाचित्रकारांपैकी एक.

८/
तरीही त्या कॅमेऱ्यासमोर सुरवंट आला नाही, आणि त्याची कारणे तांत्रिक होती. तेव्हाच्या ओल्या कलोडिअनच्या पद्धतीत काचेला लेप लावायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत ते उमटवायचे. प्रकाश काही सेकंद तरी पडू द्यावा लागे. माणसाला ‘हलू नका’ असे सांगता येते, सुरवंटाला सांगता येत नाही. रंगाचा तर प्रश्नच नव्हता. ज्याची सारी कथा हिरव्या रंगाच्या छटांत आहे, त्याचे करड्या रंगातले चित्र काय सांगणार? म्हणून या कामाचा भार पुढची कित्येक वर्षे शब्दांवर आणि कुंचल्यावर राहिला.

९/
१५ सप्टेंबर १८८३. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी जन्मली. या आठांत दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. फुलपाखरे व पतंग यांचे अभ्यासक कर्नल चार्ल्स स्विन्हो होते. आणि पहिले मानद सचिव झाले ते मीठ व जकात खात्यातील एक अधिकारी, एडवर्ड हॅमिल्टन एटकेन.

१०/
एटकेन यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यात झाला. वडील स्कॉटिश मिशनरी. शिक्षण इथलेच, पदवी मुंबई विद्यापीठाची. १८७० ते १८७६ या काळात त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले आणि मग ते सरकारी नोकरीत शिरले. विलायत त्यांनी पुष्कळ उशिरा पाहिली आणि तिथली थंडी त्यांना सोसवली नाही. ‘ई. एच. ए.’ या आद्याक्षरांनी ते लिहीत. १८८३ मध्ये त्यांचे ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ निघाले. बंगल्याभोवतीच्या मुंग्या, पाली, कावळे यांच्यावरचे ते खुसखुशीत पुस्तक आहे.

११/
मिठाच्या खात्यात बदल्या फार. एटकेन यांच्या नोकरीच्या ठिकाणांची यादी पाहा: कच्छच्या रणाकाठचे खाराघोडा, उरण, उत्तर कानडा व गोव्याची सरहद्द, रत्नागिरी, मुंबई आणि शेवटी कराची. उरण, रत्नागिरी, कारवार ही नावे नकाशावर जोडली तर जवळजवळ अख्खी कोकणपट्टी डोळ्यांसमोर येते. मिठागरे आणि जकातीची नाकी तपासत फिरणे ही त्यांची नोकरी होती. त्या वाटेवरची झुडपे तपासणे हा त्यांचा स्वतःचा उद्योग होता. पुढे १९०२ साली गोवा सरहद्दीवरील नाक्यांत पसरलेल्या हिवतापाच्या चौकशीवर त्यांना पाठवले गेले, तेव्हा त्यांनी डासाची एक नवी जात शोधली. तिला त्यांचेच नाव आहे: ‘अ‍ॅनॉफिलीस एटकेनाय’.

१२/
उत्तर कानडा जिल्ह्याचे ठाणे कारवार. हा जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. तेथे एटकेन यांना समानधर्मी भेटले ते जेम्स डेव्हिडसन, सनदी अधिकारी आणि जिल्ह्याचे कलेक्टर. डेव्हिडसन मूळचे पक्ष्यांचे अभ्यासक. १८९० मध्ये या दोघांनी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातील काही फुलपाखरांचे सुरवंट आणि कोष यांवर टिपणे प्रसिद्ध केली. शीर्षकच बोलके होते. पंखांची वर्णने पूर्वी पुष्कळांनी केली होती. या दोघांनी विषय निवडला तो पंख फुटण्यापूर्वीच्या आयुष्याचा.

१३/
तिसरे गृहस्थ टॉमस रीड डेव्हिस बेल. जन्म १८६३, आयर्लंडमधील कॉर्क परगण्यातला. वनखात्यातील नोकरीने त्यांना मुंबई इलाख्याच्या दक्षिण टोकाला आणले आणि कारवारच्या या मंडळींनी त्यांना सुरवंटांचा नाद लावला. कलेक्टर, मीठ खात्यातला अधिकारी आणि जंगल अधिकारी असे हे त्रिकूट. १८९६-९७ मध्ये या तिघांनी मिळून उत्तर कानड्यातील फुलपाखरांवर दीर्घ लेखमाला लिहिली. फुलपाखरांना जिल्ह्यांच्या सीमा ठाऊक नसतात. कारवारच्या रानात पाहिलेल्या कितीतरी जाती रत्नागिरीच्या बागांतही आहेत. त्यामुळे हातखंब्याच्या आंब्यावरील सुरवंट ओळखताना आपण आजही त्यांच्या नोंदींच्या आधारावर उभे असतो.

१४/
त्यांची पद्धत काय होती? मादी पानावर अंडे घालताना दिसली की ती वनस्पती ओळखायची. सुरवंट मिळाला की त्याला त्याच झाडाची ताजी पाने रोज पुरवायची. तो कात टाकील तसतसे बदलणारे रंग, काटे, डोक्याचा आकार लिहून ठेवायचा. कोष लटकतो की धाग्याच्या पट्ट्याने बांधलेला असतो, हे नोंदवायचे. मग वाट पाहायची. फुलपाखरू बाहेर आले की मगच नाव निश्चित. बऱ्याचदा कोषातून फुलपाखराऐवजी परजीवी गांधीलमाशी बाहेर पडते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. या कामात वेळेला पर्याय नव्हता, आणि आजही नाही.

१५/
या शब्दचित्रांचे मोल लगेच ओळखले गेले. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेसाठी चार्ल्स टॉमस बिंगहॅम यांनी फुलपाखरांचे दोन खंड लिहिले, १९०५ आणि १९०७ मध्ये. त्यात सुरवंटांची माहिती देताना ते पुन्हा पुन्हा डेव्हिडसन, बेल आणि एटकेन यांचेच शब्द अवतरणचिन्हांत देतात. लंडनच्या पेट्यांत फुलपाखरे होती. ती लहानपणी काय खात होती, हे सांगणारा कागद मात्र कारवारहून यावा लागत होता.

१६/
एक गंमत खास सांगण्यासारखी. १८९४ साली एटकेन यांनी एका अगदी लहान फुलपाखराच्या सुरवंटावर आणि कोषावर स्वतंत्र टिपण लिहिले. त्याचे शास्त्रीय नाव ‘स्पाल्जिस एपियस’. बहुतेक सुरवंट शाकाहारी असतात. हा मात्र मांसाहारी: जास्वंदीसारख्या झाडांवर जो पिठ्या ढेकूण पडतो तो हा खातो, आणि त्याचीच पांढरी मेणचट पूड अंगावर घेऊन त्याच्याच कळपात लपतो. त्याचा कोष जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. पण भिंगाखाली पाहिला तर त्यावर हुबेहूब वानराचे तोंड दिसते! यामुळेच या फुलपाखराला इंग्रजीत ‘एपफ्लाय’ म्हणतात. आजच्या मॅक्रो छायाचित्रकारांचा हा अत्यंत आवडता कोष आहे.

१७/
येथे थोडे थांबून एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. या लेखांवर तीन नावे आहेत. पण जंगलात उंच वेलीवरचा सुरवंट कोणी उतरवला असेल? पाळलेल्या सुरवंटांना ताजी पाने कोणी आणली असतील? कोणत्या झाडाला गावात काय म्हणतात, हे साहेबांना कोणी सांगितले असेल? पट्टेवाले, जंगल रखवालदार, गुराखी यांच्याखेरीज हे काम होणे कठीण होते. एटकेन यांनी १८८९ मध्ये ‘बिहाइंड द बंगलो’ हे पुस्तक खास घरच्या नोकरांवर लिहिले. त्यात हमाल आहे, माळी आहे, आया आहे, पण ही सारी विनोदाची पात्रे आहेत. ज्ञानातले भागीदार म्हणून ती कोठे येत नाहीत. सुरिनाममध्ये मेरियन यांना मदत करणाऱ्या गुलाम आणि आदिवासी स्त्रियांचीही नावे आपल्याकडे नाहीत. इतिहास वाचताना ही रिकामी जागा डोळ्यांआड होता कामा नये.

१८/
एटकेन १९०६ मध्ये निवृत्त झाले आणि १९०९ साली एडिंबरोत वारले. बेल मात्र परत गेले नाहीत. १९२० मध्ये निवृत्त झाल्यावरही ते कारवारलाच राहिले. सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची मैदानी प्रदेशातील फुलपाखरांवरची लेखमाला वर्षानुवर्षे चालली. १९३७ मध्ये लेफ्टनंट कर्नल स्कॉट यांच्यासह त्यांनी ‘स्फिंजिडी’ कुळातील पतंगांवर ग्रंथ लिहिला. १९४८ च्या जून महिन्यात, देश स्वतंत्र झाल्यानंतर, कारवारलाच त्यांचा अंत झाला. सुरवंटांमागे लागलेला माणूस घरी जायचे विसरतो, असे त्यांच्याबद्दल गमतीने म्हणावेसे वाटते.

१९/
दरम्यान कॅमेरा बदलत होता. १९३५ मध्ये कोडाक्रोम ही रंगीत फिल्म आली आणि हिरवा रंग हिरवा दिसू लागला. १९५५ साली हाइन्झ किलफिट यांनी ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी ‘मॅक्रो-किलार’ ही खास जवळून चित्र घेणारी लेन्स बाजारात आणली. १९५६ मध्ये निकॉनची ‘मायक्रो-निक्कोर’ आली. तिच्या जन्माची कथा वेगळी आहे. जपानी लिपीतील बारीक, गुंतागुंतीची अक्षरे मायक्रोफिल्मवर स्वच्छ उमटावीत, ही तिच्यामागची गरज होती. कागदपत्रे जतन करण्यासाठी घडलेली लेन्स पुढे कीटकांच्या कामी आली. इतिहासाच्या वाचकाला याचा आनंद व्हावा.

२०/
‘मॅक्रो’ म्हणजे नेमके काय? काटेकोर अर्थाने, एक सेंटिमीटरचा सुरवंट फिल्मवर किंवा सेन्सरवरही एक सेंटिमीटरचाच उमटतो, ते मॅक्रो. या अंतरावर दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली, स्पष्ट दिसणारा पट्टा फार उथळ होतो. छिद्र एफ/११ पर्यंत लहान केले तरी फुल फ्रेम कॅमेऱ्यात जेमतेम सव्वा मिलिमीटर खोलीच स्पष्ट येते. म्हणजे सुरवंटाचे तोंड स्पष्ट, तर पाठ धूसर. दुसरी, लेन्स पुढे सरकवल्यामुळे सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश सुमारे एकचतुर्थांश उरतो. कोकणातल्या पावसाळी, ढगाळ दुपारी तो कोठून आणायचा?

२१/
फ्लॅश, त्यावर प्रकाश मऊ करणारा पांढरा पडदा, आणि श्वास रोखून धरलेला हात, ही त्यावरची उत्तरे. डिजिटल काळात आणखी एक युक्ती आली: किंचित पुढे-मागे सरकत अनेक चित्रे घ्यायची आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग संगणकावर एकत्र जोडायचा. पूर्वी जे सांगायला पानभर वर्णन लागे, ते आता एका चित्रात दिसते. काट्यावरचा काटा, श्वसनरंध्राभोवतीचे कडे, डोक्याच्या बाजूंचे इवले साधे डोळे. आणि यासाठी कोणाला टाचणी टोचावी लागत नाही. सुरवंट जिवंत राहतो, पान खात राहतो.

२२/
पण पुस्तकांना हे वळण घ्यायला वेळ लागला. सोसायटीने १९५७ मध्ये विंटर-ब्लाइथ यांचे भारतीय फुलपाखरांवरील पुस्तक काढले. पिढ्यान् पिढ्या अभ्यासकांनी ते वापरले, पण चित्रांत राज्य प्रौढ फुलपाखरांचेच. २००० साली कृष्णमेघ कुंटे यांचे द्वीपकल्पीय भारताच्या फुलपाखरांवरील पुस्तक आले. ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ लिहिणारे हेच ते कुंटे. २००८ मध्ये आयझॅक किहिमकर यांचे छायाचित्रांनी भरलेले पुस्तक सोसायटीने प्रसिद्ध केले. आणि २०१० मध्ये कुंटे व सहकाऱ्यांनी ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ उभारले. तेथे अंडी, सुरवंट आणि कोष यांना स्वतःची जागा मिळाली.

२३/
याचे फळ पाहा. २०१८ मध्ये कुंटे आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातील फुलपाखरांच्या खाद्यवनस्पतींची समग्र यादी प्रसिद्ध केली. घाटातील ३३६ जातींपैकी ३२० जातींचे सुरवंट काय खातात, हे त्यात आले. १८९० च्या टिपणांपासूनच्या जुन्या नोंदी आणि आजच्या हौशी निरीक्षकांची छायाचित्रे यांच्या एकत्र बळावर असे काम उभे राहते. पण उलटा हिशेबही करा. निसर्ग-अभ्यासाची इतकी जुनी परंपरा आपल्या दारात असूनही, त्या यादीच्या वेळी सोळा जातींचे बालपण रिकामेच होते.

२४/
२०१५ साली महाराष्ट्राने ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. असे करणारे आपले देशातले पहिले राज्य. काळे मखमली पंख आणि त्यांवर निळी झाक असलेले हे फुलपाखरू भित्तिचित्रांवर झळकते. त्याचा सुरवंट मात्र कोणाच्या भित्तिचित्रावर नसतो. तो लिंबाच्या कुळातील झाडांवर, माकडलिंबूसारख्या रानटी झुडपांवरही वाढतो. ते झुडूप तोडताना आपण राज्य फुलपाखराची अंगणवाडी तोडत आहोत, हे तोडणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. फुलपाखराला मान देऊन झुडपाला विसरणे ही संग्राहकांच्या पेटीतली जुनीच खोड आहे.

२५/
आज समाजमाध्यमांवर सुरवंटांची देखणी छायाचित्रे रोज येतात. त्यातील बहुतेकांखाली तारीख नसते, गाव नसते, झाडाचे नाव तर नसतेच. मेरियन यांच्याकडे कुंचला होता, एटकेन यांच्याकडे लेखणी. दोघांनीही पान सोडले नाही. आपल्याकडे दोघांपेक्षा तीक्ष्ण साधन आहे आणि आपण पानच चौकटीबाहेर टाकतो. आणखी एक वाईट रीत: सुरवंट स्थिर बसावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये गारठवणे, किंवा फांदी तोडून घरी आणून मग भलत्याच पानावर ठेवून चित्र घेणे. असे चित्र सुंदर असू शकते, पण ते खोटी साक्ष देते. शंभर वर्षांनी कोणी त्यावर विश्वास ठेवला, तर चूक आपली असेल.

२६/
पुन्हा हातखंब्याला येऊ. महामार्ग चौपदरी करताना कोकणात रस्त्याकडेची कितीतरी जुनी झाडे गेली. झाडासोबत झुडपे गेली, वेली गेल्या, त्यांवरचे सुरवंटही गेले. कोणत्या झाडावर कोण राहत होते, याची नोंद करणारा मीठ खात्यातला अधिकारी तेथे नव्हता. जे नोंदलेले नसते ते गेल्याचे कळतही नाही. आज तिठ्याजवळच्या एखाद्या बागेत मोबाईलने घेतलेले बॅरनच्या सुरवंटाचे छायाचित्र, खाली ‘आंबा, हातखंबा, अमुक तारीख’ एवढे लिहिलेले असले, तर ते इतिहासाचे साधन आहे. शिलालेखाइतकेच, फक्त त्याचे वय अजून कमी आहे.

२७/
म्हणून तरुण मित्रांनो, एक विनंती. परसातल्या कढीपत्त्यापासून सुरुवात करा. त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखे काही दिसले तर नीट पाहा. तो बहुधा लिंबाच्या फुलपाखराचा लहान सुरवंट असेल. मोठा झाल्यावर तो हिरवा होतो आणि डिवचले तर डोक्यामागून दोन टोकांचे नारिंगी शिंग काढून उग्र वास सोडतो. त्याला डिवचू नका, रोज एक छायाचित्र मात्र घ्या. झाडाचे नाव, गाव आणि तारीख लिहा. आणि झाडाचे नाव आजीने, बागेतल्या गड्याने किंवा गुराख्याने सांगितले असेल, तर त्यांना विचारून त्यांचेही नाव लिहा. ते काम कारवारच्या साहेबांकडून राहून गेले आहे.